देह, आकृती आणि श्रेय : चित्रपटातील मोशन कॅप्चर तंत्राचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :

विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या खर्चाच्या चित्रपटांत एका नव्या प्रकारच्या पात्राचा प्रवेश झाला. हे पात्र संगणकाने घडविलेले असते. त्याची त्वचा, केस, डोळे यांपैकी काहीही प्रत्यक्ष अस्तित्वात नसते. तरीही त्याच्या चालण्यात, वाकण्यात, थबकण्यात एका जिवंत नटाचा देह असतो. नटाच्या शरीराच्या हालचाली यंत्राद्वारे मोजून त्या संगणकीय आकृतीवर बसविण्याच्या या तंत्रास मोशन कॅप्चर असे म्हणतात. शरीराबरोबरच चेहऱ्यावरील भाव व आवाज यांचेही एकत्रित ग्रहण केले जाते तेव्हा परफॉर्मन्स कॅप्चर ही संज्ञा वापरली जाते.

या तंत्राविषयीचे बहुतेक लेखन यंत्रसामग्रीच्या प्रगतीभोवती फिरते. कॅमेरे किती वाढले, संगणकाचा वेग किती वाढला, आकृती किती हुबेहूब झाली, असे त्याचे स्वरूप असते. परंतु या प्रगतीबरोबर एक जुना प्रश्न नव्याने उपस्थित झाला. पडद्यावर दिसणारा अभिनय नेमका कोणाचा? देह देणाऱ्या नटाचा, की आकृती घडविणाऱ्या कलावंतांचा? या प्रश्नाच्या उत्तरावर पुरस्कार, मानधन, श्रेयनामावलीतील स्थान आणि अलीकडे तर स्वतःच्या प्रतिमेवरील हक्कही अवलंबून असल्याने तो केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) मोशन कॅप्चर तंत्राची ऐतिहासिक जडणघडण तपासणे.
२) संगणकनिर्मित पात्राच्या अभिनयाचे श्रेय ठरविण्याच्या प्रक्रियेत झालेले बदल नोंदविणे.
३) या वादाकडे भारतीय नाट्यविचारातील अभिनयकल्पनेच्या आधारे पाहणे.

कार्यपद्धतीचे स्वरूप :

या तंत्राच्या सर्वाधिक प्रचलित अशा प्रकाशीय पद्धतीत नटाला अंगाबरोबर बसणारा पोशाख घातला जातो. सांध्यांच्या जागी प्रकाश परावर्तित करणारे लहान गोल मार्कर लावले जातात. भोवताली बसविलेले अनेक कॅमेरे हे मार्कर एकाच वेळी टिपतात. निदान दोन कॅमेऱ्यांना दिसलेल्या बिंदूचे अवकाशातील स्थान त्रिकोणमितीच्या साहाय्याने काढता येते. अशा बिंदूंच्या समूहावरून संगणक एक सांगाडा सिद्ध करतो आणि त्याच्या हालचाली पात्राच्या सांगाड्यावर बसवितो.

वर्णन करताना ही प्रक्रिया सरळ वाटते. प्रत्यक्षात मात्र नटाचा हात आडवा येऊन मार्कर झाकला जातो आणि नोंदीत खंड पडतो. नट आणि पात्र यांच्या शरीराची प्रमाणेही सारखी नसतात. साडेपाच फुटी माणसाच्या हालचाली पंचवीस फुटी वानरावर तशाच बसविल्या तर त्याचे वजन जाणवत नाही. नोंदी स्वच्छ करणे, खंड भरणे आणि प्रमाणांनुसार हालचालींचा मेळ घालणे ही कामे अॅनिमेटर करतात. यंत्राने मिळविलेली नोंद आणि पडद्यावरील पात्र यांच्यामध्ये मानवी कारागिरीचा एक मोठा टप्पा असतो, ही बाब पुढील सर्व विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

पूर्वपीठिका : मारे ते डिस्ने

मोशन कॅप्चरचे मूळ मनोरंजनात नसून शरीरशास्त्रात आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे (१८३०–१९०४) याने १८८२ मध्ये एका सेकंदात बारा छायाचित्रे घेणारी छायाचित्रण-बंदूक तयार केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याचे शरीरक्रियाविज्ञान केंद्र सुरू झाले. एकाच काचेवर उमटणाऱ्या प्रतिमा एकमेकींत मिसळतात, ही अडचण त्याच्यासमोर होती. त्यावर उपाय म्हणून त्याने माणसाला संपूर्ण काळा पोशाख घातला, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या व सांध्यांवर ठिपके लावले आणि काळ्या पार्श्वभूमीसमोर चालावयास लावले. छायाचित्रात माणूस नाहीसा झाला व केवळ गतीच्या रेषा उरल्या. आजच्या मार्करयुक्त पोशाखाचे तत्त्व येथे पूर्णपणे आढळते. मारेच्या प्रयोगांत सैनिकांच्या चालीचाही अभ्यास झाला होता. म्हणजे देहापासून गती वेगळी काढण्यामागे प्रथमपासूनच देहाच्या श्रमाचे मोजमाप हा हेतू होता. अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली होती. परंतु मायब्रिजच्या छायाचित्रांत देह दिसतो, तर मारेच्या रेखाचित्रवजा प्रतिमांत केवळ गती दिसते. मोशन कॅप्चरची वंशावळ म्हणूनच मायब्रिजपेक्षा मारेशी अधिक जवळची ठरते.

चित्रपटात ही कल्पना रोटोस्कोपच्या रूपाने आली. मॅक्स फ्लायशर याने १९१५ मध्ये या यंत्राच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९१७ मध्ये ते त्यास मिळाले. चित्रित केलेल्या नटाची एकेक चौकट काचेवर प्रक्षेपित करून तीवरून चित्र गिरविण्याची ही पद्धत होती. मॅक्सचा भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला व त्यातून कोको हा विदूषक जन्मास आला.

श्रेयाच्या दृष्टीने या काळातील दोन उदाहरणे परस्परविरोधी आहेत. फ्लायशरच्या १९३२ मधील 'मिनी द मूचर' या लघुपटात जॅझ गायक कॅब कॅलोवे याचे नृत्य एका वॉलरसरूपी भुताला दिले आहे. मात्र चित्रपटाच्या आरंभी कॅलोवे स्वतः वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतो. त्यामुळे भुताच्या अंगातील चाल कोणाची, हे प्रेक्षकास ठाऊक असते. याउलट डिस्नेच्या 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स' (१९३७) या चित्रपटासाठी मार्जोरी बेल्चर या तरुण नर्तिकेने नायिकेच्या हालचाली करून दाखविल्या, पण श्रेयनामावलीत तिचे नाव आले नाही. राजकन्या कोणा हाडामांसाच्या मुलीची छाया आहे, हे प्रेक्षकास कळू न देणे स्टुडिओस सोयीचे होते. नटाचा देह घ्यावा आणि नाव वगळावे, ही प्रथा संगणकाच्या आधीची आहे.

प्रयोगशाळेतून चित्रपटाकडे (१९६०–१९९९) :

१९६० च्या दशकात अमेरिकेत ली हॅरिसन याने विद्युतरोधक बसविलेल्या पोशाखाच्या साहाय्याने पडद्यावरील आकृती हलविण्याचे प्रयोग केले. पुढील दोन दशकांत प्रकाशीय पद्धतीचा विकास प्रामुख्याने वैद्यकीय क्षेत्रात, रुग्णांच्या चालीतील दोष तपासण्यासाठी झाला. चित्रपटसृष्टीने नंतर स्वीकारलेल्या यंत्रणांपैकी काही मुळात याच कामासाठी घडविल्या गेल्या होत्या.

१९८५ मध्ये रॉबर्ट एबल यांच्या संस्थेने डबाबंद खाद्यपदार्थांच्या एका जाहिरातीसाठी धातूच्या स्त्रीयंत्रमानवाची आकृती तयार केली. एका स्त्रीच्या सांध्यांवर काळे ठिपके लावून, तिचे अनेक कोनांतून चित्रण करून त्या आकृतीच्या हालचाली मिळविल्या गेल्या. पूर्ण लांबीच्या चित्रपटात मात्र प्रारंभीचा अनुभव निराशाजनक होता. 'टोटल रिकॉल' (१९९०) मधील क्ष-किरण तपासणीच्या दृश्यासाठी नटांच्या हालचालींच्या नोंदी घेतल्या गेल्या, परंतु त्यांतील बहुतांश निरुपयोगी ठरल्या आणि सांगाड्यांचे अॅनिमेशन अखेर हातानेच करावे लागले. 'टायटॅनिक' (१९९७) मध्ये जहाजावरील दूरच्या प्रवाशांसाठी हे तंत्र उपयोगी पडले. तोपर्यंत मोशन कॅप्चरचे स्थान गर्दीतील निनावी माणसांपुरते मर्यादित होते.

१९९९ मध्ये 'स्टार वॉर्स' मालिकेतील 'द फँटम मेनेस' या चित्रपटातील जार जार बिंक्स या पात्राने ही मर्यादा ओलांडली. अहमद बेस्ट या नटाने त्यास चाल व आवाज दिला, तर इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या अॅनिमेटरांनी त्यास रूप दिले. प्रमुख पात्रांबरोबर सतत वावरणारे आणि संवाद बोलणारे असे हे संगणकनिर्मित पात्र होते. प्रेक्षकांच्या मोठ्या वर्गाने ते नाकारले व त्यावर अत्यंत बोचरी टीका झाली. त्या टीकेमुळे आपण आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचलो होतो, असे बेस्ट यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. पात्राची कल्पना, संवाद आणि रूप यांपैकी एकही बाब नटाच्या निर्णयाची नव्हती. संगणकनिर्मित पात्राच्या यशाचे श्रेय अनेकांत वाटले जाते. अपयशाचा रोष मात्र ज्याचा देह ठाऊक आहे त्याच्याकडे वळू शकतो, हे या उदाहरणावरून दिसून येते.

गॉलम : एक वळण

मोशन कॅप्चरच्या इतिहासात 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रत्रयीतील गॉलमचे स्थान मध्यवर्ती आहे. न्यूझीलंडमधील वेटा डिजिटल या संस्थेने घडविलेले हे पात्र 'द टू टॉवर्स' (२००२) मध्ये पूर्णत्वाने अवतरले. अँडी सर्किस या ब्रिटिश रंगभूमीवरील नटाची निवड आरंभी केवळ आवाजासाठी, तीही काही आठवड्यांच्या कामापुरती झाली होती. परंतु आवाज काढताना सर्किस यांचे संपूर्ण शरीर पिळवटून निघत असे. ते पाहून दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी त्यांस चित्रीकरणस्थळी इतर नटांसमवेत उभे केले. पुढे त्यांचा चेहरा समोर ठेवून गॉलमच्या चेहऱ्याची रचनाही बदलण्यात आली. इतर नटांना रिकाम्या जागेकडे पाहून संवाद म्हणण्याऐवजी समोर एक सहनट मिळाला. दृश्यातील ताण त्यामुळे खरा झाला.

तथापि गॉलमचा अभिनय जसाच्या तसा यंत्राने उचलला, ही समजूत वस्तुस्थितीस धरून नाही. शरीराच्या अनेक हालचाली नोंदींवरून घेतल्या गेल्या, पण चेहऱ्यावरील भाव अॅनिमेटरांनी सर्किस यांचे चित्रण समोर ठेवून हाताने घडविले. काही दृश्यांत तर संपूर्ण शरीराचे अॅनिमेशनही हातानेच झाले. गॉलमची त्वचा जिवंत भासण्यामागे आणखी एक शोध होता. प्रकाश त्वचेच्या पृष्ठभागावरून केवळ परावर्तित होत नाही, तर आत शिरून, विखुरला जाऊन बाहेर येतो. या घटनेच्या गणिती मांडणीबद्दल व तिच्या चित्रपटातील उपयोगाबद्दल संशोधक आणि तंत्रज्ञ यांना २००४ मध्ये ऑस्कर अकादमीचे तांत्रिक पुरस्कार मिळाले. चित्रपटास २००३ मध्ये दृश्यपरिणामांचा ऑस्कर मिळाला. अभिनयाच्या पुरस्कारासाठी सर्किस यांचा विचार व्हावा, अशी मागणी झाली. पण त्यांना नामांकन मिळाले नाही. एकाच पात्राचे दोन भाग करून, एकास पुरस्कृत व दुसऱ्यास अदृश्य ठेवण्याची व्यवस्था येथे प्रथमच ठळकपणे पुढे आली.

अस्वस्थतेची दरी : झेमेकिसचे प्रयोग

जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये असे मांडले होते की, यंत्रमानव माणसासारखा होत जातो तसतशी त्याविषयीची आपुलकी वाढते. परंतु जवळजवळ माणूस वाटण्याच्या टप्प्यावर ती एकाएकी घसरते व तिची जागा भीतियुक्त अस्वस्थता घेते. चित्रपटसृष्टीस या दरीचा अनुभव 'फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन' (२००१) मुळे आला. सुमारे १३.७ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटातील नायिका डॉ. आकी रॉस हिला पुढे अन्य चित्रपटांतही अभिनेत्री म्हणून वापरण्याचा निर्मात्यांचा मानस होता. चित्रपट अपयशी ठरला आणि त्यासाठी होनोलुलू येथे उभारलेला स्टुडिओ २००२ मध्ये बंद पडला.

दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी 'द पोलर एक्स्प्रेस' (२००४) या चित्रपटात टॉम हँक्स यांच्याकडून बालकासह अनेक भूमिका करवून घेतल्या. एकच नट वय व शरीर यांच्या पलीकडे जाऊ शकतो, ही या तंत्राची मोठी शक्यता त्यातून पुढे आली. पण पात्रांचे डोळे निर्जीव वाटतात, हा आक्षेप सार्वत्रिक होता. बुबुळावर मार्कर लावता येत नाही, हे त्यामागील साधे कारण होय. 'बेओवुल्फ' (२००७) मध्ये डोळ्यांभोवतीच्या स्नायूंचे विद्युतसंकेत टिपून हा दोष दूर करण्याचा प्रयत्न झाला. डिस्नेच्या साहाय्याने २००७ मध्ये सुरू झालेली झेमेकिस यांची इमेजमूव्हर्स डिजिटल ही संस्था बंद करण्याचा निर्णय मार्च २०१० मध्ये जाहीर झाला. सुमारे ४५० जणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला. तिचा अखेरचा चित्रपट 'मार्स नीड्स मॉम्स' (२०११) याने सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून जगभरात चार कोटींहूनही कमी मिळविले.

या पार्श्वभूमीवर एक बाब लक्षणीय ठरते. ज्या पात्रांना प्रेक्षकांनी स्वीकारले ती माणसे नव्हती. गॉलम, 'किंग काँग' (२००५) मधील वानर, 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन : डेड मॅन्स चेस्ट' (२००६) मधील बिल नाय यांचा अष्टपादमुखी डेव्ही जोन्स ही सर्व पात्रे मानवी रूपापासून पुरेशी दूर होती. मनुष्याच्या देहातून निघालेली गती मनुष्येतर आकृतीत अधिक जिवंत वाटते, असा या दशकाचा निष्कर्ष काढता येतो.

'अवतार' आणि त्यानंतर :

जेम्स कॅमेरॉन यांच्या 'अवतार' (२००९) ने डोळ्यांच्या व चेहऱ्याच्या प्रश्नावर वेगळे उत्तर शोधले. नटाच्या डोक्यावरील टोपीला जोडलेला लहान कॅमेरा चेहऱ्यासमोर राहून त्याचे सतत चित्रण करीत असे. चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींचे वर्गीकरण पॉल एकमन व वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये केले होते. त्यावर आधारित पद्धतीने वेटाच्या तंत्रज्ञांनी नटाच्या भावांचे रूपांतर नावी पात्रांच्या चेहऱ्यांत केले. दिग्दर्शकास चित्रीकरण चालू असतानाच पात्रे त्यांच्या काल्पनिक परिसरासह प्राथमिक रूपात पाहता येऊ लागली.

'राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स' (२०११) पासून हे तंत्र बंदिस्त स्टुडिओतून मोकळ्या प्रकाशात आले. स्वतः अवरक्त प्रकाश देणारे मार्कर वापरल्याने उन्हातही नोंदी घेता येऊ लागल्या आणि २०१४ च्या पुढील भागात पावसाळी अरण्यातही चित्रीकरण झाले. 'अवतार : द वे ऑफ वॉटर' (२०२२) साठी नटांनी प्रत्यक्ष पाण्याखाली, श्वास रोखून अभिनय केला. अवरक्त प्रकाश पाण्यात शोषला जात असल्याने पाण्याखालील नोंदींसाठी अतिनील प्रकाशाचा आधार घ्यावा लागला. या मालिकेचा तिसरा भाग डिसेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.

श्रेयाचा वाद :

तंत्र सिद्ध होत गेले तसा त्याच्या वर्गीकरणाचा प्रश्न बिकट होत गेला. २००६ च्या सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाच्या ऑस्करसाठी नामांकित तीन चित्रपटांपैकी 'हॅपी फीट' व 'मॉन्स्टर हाउस' या दोहोंत मोशन कॅप्चरचा वापर होता व पुरस्कारही 'हॅपी फीट'लाच मिळाला. त्यातील पेंग्विनचे पदलालित्य सेव्हियन ग्लोव्हर या विख्यात टॅप-नर्तकाचे होते. पुढील वर्षी पिक्सारच्या 'रॅटाटुई' (२००७) च्या अखेरीस, या चित्रपटात मोशन कॅप्चर वापरलेले नाही, अशा आशयाची ग्वाहीच झळकली. २०१० मध्ये अकादमीने नियमात स्पष्ट केले की, मोशन कॅप्चर हे स्वतःहून अॅनिमेशनचे तंत्र ठरत नाही. त्यानंतर स्पीलबर्ग यांचा 'द अॅडव्हेंचर्स ऑफ टिनटिन' (२०११) गोल्डन ग्लोबमध्ये सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपट ठरला, परंतु ऑस्करच्या त्याच गटात त्यास नामांकनही मिळाले नाही. म्हणजेच हे तंत्र अॅनिमेशन नव्हे, असे एकीकडे म्हटले गेले आणि दुसरीकडे त्यातील नटास अभिनयाचे नामांकनही मिळाले नाही.

२०१४ मध्ये हा वाद नट व अॅनिमेटर यांच्यात उघडपणे झाला. संगणकीय आकृती ही केवळ अंकीय रंगभूषा आहे, अशी भूमिका सर्किस यांनी मुलाखतींतून मांडली. गॉलमच्या अॅनिमेशनचे पर्यवेक्षक रँडल विल्यम कुक यांनी तिचा जाहीर प्रतिवाद केला व अॅनिमेटरांनी केलेल्या कामाकडे लक्ष वेधले.

भारतीय नाट्यविचारातील संज्ञा या वादाच्या उलगड्यास साहाय्यभूत ठरतात. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. सर्किस यांचा दावा या परिभाषेत मांडावयाचा तर संगणकीय रूप हे आहार्य, म्हणजे वेशभूषा व रंगभूषा होय. आंगिक, वाचिक व सात्त्विक अभिनय नटाचा. परंतु येथे दोन अडचणी येतात. पहिली अशी की, रंगभूमीवर आहार्य आधी धारण केले जाते व नट त्यानुसार आपला अभिनय जुळवितो. मोशन कॅप्चरमध्ये ते अभिनय संपल्यानंतर, अनेक महिने, इतरांच्या हातून चढविले जाते. नटाला त्याच्याशी जुळवून घेता येत नाही. ते जुळविण्याचे काम अॅनिमेटर करतो आणि ते करताना तो आंगिक अभिनयात हस्तक्षेप करतो. गॉलमच्या चेहऱ्याच्या बाबतीत तर उपांगांचा अभिनय त्याच्याच हातून साकारला.

दुसरी अडचण सात्त्विक अभिनयाची आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव परंपरेने मानले आहेत. मार्कर बिंदूचे स्थान टिपतो. त्यामुळे वेपथू, म्हणजे कंप, त्यास टिपता येतो. स्तंभही टिपता येतो. परंतु घाम, अंगावरील शहारा, चेहऱ्याचा उतरलेला रंग आणि अश्रू या गोष्टी स्थानबदल नाहीत. नटाच्या डोळ्यांत पाणी आले तरी पात्राच्या डोळ्यांतील पाणी संगणकावर कोणीतरी निर्माण करावे लागते. मनातून उगवणारे म्हणून जे अभिनयाचे सर्वांत अंतरंग अंग मानले गेले, नेमके तेच येथे नटाच्या प्रेरणेने पण दुसऱ्याच्या हाताने सिद्ध होते. तेव्हा संगणकनिर्मित पात्राचा अभिनय एकाच्या नावे लिहिणे कोणत्याही बाजूने अपुरे आहे. तो संयुक्त अभिनय आहे व त्यातील वाटे चित्रपटागणिक बदलतात.

श्रम आणि मालकी :

श्रेयाच्या या प्रश्नामागे श्रमाचे अर्थकारण उभे आहे. 'लाइफ ऑफ पाय' (२०१२) मधील वाघ हे मोशन कॅप्चरचे उदाहरण नव्हे. खऱ्या वाघांच्या निरीक्षणावरून अॅनिमेटरांनी तो हाताने घडविला होता. ते काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या संस्थेच्या शाखा मुंबई व हैदराबाद येथेही होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात या चित्रपटास दृश्यपरिणामांचा ऑस्कर मिळाला. समारंभस्थळाबाहेर या क्षेत्रातील शेकडो कलावंत निदर्शने करीत होते, तर आत पुरस्कार स्वीकारणारे बिल वेस्टेनहोफर संस्थेच्या अडचणींचा उल्लेख करू लागताच संगीत वाजवून त्यांचे भाषण आवरते घेण्यात आले. जगन्मान्य काम करणारी संस्थाही ठरावीक रकमेच्या कंत्राटांच्या व्यवस्थेत टिकू शकत नाही, हे यातून उघड झाले.

नटाच्या बाजूने प्रश्न मालकीचा आहे. हालचालींची नोंद एकदा घेतली की ती नटापासून अलग होते. साठविता, बदलता, पुन्हा वापरता येते. 'रोग वन' (२०१६) मध्ये १९९४ साली दिवंगत झालेले पीटर कुशिंग पुन्हा पडद्यावर आले. त्यांची आकृती गाय हेन्री या नटाच्या अभिनयावर चढविली होती. २०२३ मध्ये अमेरिकेतील नटांच्या संघटनेने ११८ दिवसांचा संप केला. त्यातील प्रमुख मुद्द्यांपैकी एक म्हणजे नटाच्या अंकीय प्रतिकृतीसाठी संमती व मोबदला हा होता. संगणकीय खेळांसाठी आवाज व हालचाली देणाऱ्या कलावंतांनीही जुलै २०२४ मध्ये संप पुकारला. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने जिवंत व मृत कलावंतांच्या अंकीय प्रतिकृतीसंबंधी दोन कायदे केले.

भारतीय संदर्भ :

या इतिहासात भारताचा सहभाग अपेक्षेपेक्षा जुना आहे. चेन्नईच्या पेंटाफोर, पुढे पेंटामीडिया, या कंपनीचा 'सिंदबाद : बियाँड द व्हेल ऑफ मिस्ट्स' (२०००) हा पूर्णतः मोशन कॅप्चरवर आधारलेल्या पूर्ण लांबीच्या आरंभीच्या चित्रपटांत गणला जातो. सौंदर्या रजनीकांत दिग्दर्शित 'कोचडैयान' (२०१४) या तमिळ चित्रपटात रजनीकांत यांच्यासाठी हे तंत्र वापरले गेले. त्यात २००९ मध्ये दिवंगत झालेले विनोदी नट नागेश यांची आकृती रमेश खन्ना यांच्या अभिनयाच्या आधारे पुन्हा उभी करण्यात आली होती. 'रोग वन'च्या दोन वर्षे आधी तमिळ चित्रपटाने हा प्रयोग केला होता, याची नोंद पाश्चात्त्य विवेचनांत क्वचितच होते. मराठी दिग्दर्शक ओम राऊत यांच्या 'आदिपुरुष' (२०२३) मध्येही या तंत्राचा वापर झाला. त्याच्या दृश्यपरिणामांवर झालेल्या टीकेने हेच दाखविले की, यंत्रणा उपलब्ध असणे आणि आकृती जिवंत होणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरीकडे मुंबईतील प्राइम फोकससारख्या संस्थांमुळे हॉलिवूडच्या दृश्यपरिणामांचे मोठे काम महाराष्ट्रात होते.

कायद्याच्या बाजूने पाहता, प्रतिलिपी अधिकार कायदा १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्यास आपली ओळख नोंदली जाण्याचा व आपल्या प्रयोगाचे विकृतीकरण रोखण्याचा नैतिक हक्क दिला. तथापि याच दुरुस्तीने चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे व व्यवसायाच्या प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्यास विकृतीकरणाविरुद्धचा हक्क वगळता प्रयोगकर्ता मानलेले नाही. आपला देह संगणकीय आकृतीस देणारे नर्तक, कसरतपटू व दुय्यम नट या तरतुदीच्या कोणत्या बाजूस पडतात, हा प्रश्न गंभीर आहे. श्रेयनामावलीतील एक ओळ येथे सौजन्याचा विषय राहत नाही. ती हक्काचा आधार बनते.

निष्कर्ष :

१) मोशन कॅप्चर हे संगणकयुगाचे अपत्य नसून देहापासून गती वेगळी काढण्याच्या एकोणिसाव्या शतकातील शास्त्रीय प्रयत्नांची ती परिणती आहे.
२) नटाचा देह घेऊन नाव वगळण्याची प्रथा रोटोस्कोपच्या काळापासून आढळते. संगणकाने तिची व्याप्ती वाढविली.
३) 'नोंद म्हणजेच अभिनय' आणि 'नोंद म्हणजे केवळ कच्चा माल' या दोन्ही भूमिका ऐतिहासिक पुराव्यास उतरत नाहीत. संगणकनिर्मित पात्राचा अभिनय संयुक्त असतो.
४) आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक या विभागणीनुसार प्रत्येक चित्रपटातील वाटा तपासल्यास श्रेयनिश्चिती अधिक न्याय्य होऊ शकते.
५) भारतात, विशेषतः मुंबईसारख्या केंद्रात, या क्षेत्रातील नट व अॅनिमेटर या दोहोंचे हक्क करारात स्पष्टपणे नोंदले जाणे आवश्यक आहे.

मारेच्या काळ्या पोशाखातील माणसे आज ओळखू येत नाहीत. छायाचित्रात त्यांची केवळ चाल शिल्लक आहे. शास्त्रास त्यांच्या नावाची गरज नव्हती. कलेस मात्र नाव लागते, कारण अभिनय म्हणजे मोजलेली गती नव्हे, तर कोणीतरी जाणीवपूर्वक केलेली कृती होय. त्या कृतीमागील नट आणि अॅनिमेटर या दोहोंचीही नावे शिल्लक राहणे, हीच या तंत्राच्या पुढील वाटचालीची कसोटी ठरेल.